शेलूबाजारच्या विहिरीतून खाली

समृद्धी महामार्गावरून शेलूबाजारला उतरताना तुमच्या पिशवीत हातोडी, छिन्नी, भिंग, गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं आणि पाण्याची बाटली आहे. डोक्यात दोन नावं आहेत : ट्रायलोबाइट आणि ब्रॅकिओपॉड. पहिला समुद्राच्या तळावर रांगणारा, अंगावर तीन उभे भाग आणि आडव्या खंडांचं चिलखत असलेला प्राणी. दुसरा दोन शिंपांच्या आत राहणारा, पण आपल्या तिसऱ्या-शिंपल्यांशी काही नातं नसलेला. दोघंही शेलमध्ये सापडतात, म्हणजे चिखल दाबून झालेल्या, पापुद्र्यांनी सुटणाऱ्या खडकात. अमेरिकेत युटा राज्यात लोक पैसे भरून अशा खाणीत उतरतात आणि संध्याकाळी मूठभर ट्रायलोबाइट घेऊन घरी जातात, हे तुम्ही पाहिलेलं असतं. मग वाशीम जिल्ह्यात का नको?

रस्त्यालगतच्या शेतात नवी विहीर खणणं चालू आहे. यारीचा दोर खाली जातो, भरलेली बादली वर येते, बाजूला मलब्याचा ढीग वाढतो. त्या ढिगात काळाचा क्रम उलटा लागलेला आहे. आधी निघालेली काळी माती तळाशी, तिच्यावर मुरूम, त्यावर मांजऱ्या, आणि आज सकाळच्या सुरुंगानं फोडलेला काळा पाषाण सगळ्यांत वर. म्हणजे जमिनीत जे सर्वांत खोल, ते इथं सर्वांत उंच. तुम्ही वरूनच सुरुवात करता. हातोडी बसते आणि टणकन उडते. पापुद्रा सुटत नाही. मुरमातला एक गोटा मात्र कांद्यासारखा पाकळ्यापाकळ्यांनी सुटतो आणि तुमची छाती धडधडते. पण या पाकळ्या ऊन-पाण्यानं खडक झिजल्याच्या आहेत, गाळ साचल्याच्या नाहीत. मांजऱ्यात पांढऱ्या, चमकत्या गारगोट्या आहेत. त्या लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांत मागाहून भरलेल्या खनिजांच्या. जीव कुठंच नाही.

‘काय पाहून राह्यले जी एवढं? सोनं लागलं काय?’ यारीवरचा माणूस विचारतो.

तुम्ही सांगता, जुन्या समुद्रातला किडा शोधतोय. तो विहिरीकडे बोट दाखवतो. ‘मंग खाली पाहा ना.’

बरोबर आहे त्याचं. उतरा.

विहिरीच्या भिंतीला धरून तुम्ही खाली जाता आणि दोर संपतो तिथं थांबत नाही. काळी माती मागं पडते. साडेपाच-पावणेसहा लाख वर्षं मागं गेल्यावर पश्चिमेकडे, मेहकरच्या पलीकडे, आभाळ एका क्षणात पांढरं होतं आणि थोड्या वेळानं जमीन हादरते. लोणारला अशनी कोसळला आहे. त्यानं जे फोडलं तेही बेसाल्टच, म्हणजे तोच काळा पाषाण, तुमच्या हातोडीला दाद न देणारा. पुढं चला. कोटीच्या हिशेबात जायचं तर लाखाच्या मुक्कामावर रेंगाळून चालत नाही.

साडेसहा कोटी वर्षांच्या थोडं पलीकडे तुमचे पाय जमिनीला लागतात. ऊन कडक आहे, पण भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला आहे. भारत अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात एकटा आहे. आशियाशी टक्कर व्हायला अजून अवकाश आहे. क्षितिजापर्यंत काळा, सुरकुतलेला, थंड झालेला लाव्हा पसरलेला आहे. हाच तुमच्या विहिरीतला पाषाण. नाकात गंधकाचा वास शिरतो. पण हा लाव्हा सलग एका दमात आलेला नाही. एक लोट यायचा, थांबायचा. मधल्या काळात ऊन-पावसानं त्याची वरची साल कुजायची, लाल माती व्हायची. विहीर खणणारे तिला गेरू म्हणतात. दोन पाषाणांच्या मधला तो लाल पट्टा तुम्ही कित्येक घाटांत पाहिला असेल. सखल जागी पाणी साचून तळी व्हायची. मग हजारो वर्षांनी पुढचा लोट यायचा आणि तळं झाकून टाकायचा.

तुम्ही पूर्वेकडे चालत जाता, जिथं पुढं नागपूर वसणार आहे तिकडे. एका तळ्याच्या काठी थांबा, कारण या प्रवासात जीवाश्म घडताना इतक्या जवळून पाहायला पुन्हा मिळणार नाही. काठाच्या चिखलात ताडाच्या जातीची झाडं आहेत. पाण्यावर हिरवी साय आहे. वाकून बघितलं तर अझोला, जी आज वऱ्हाडातले शेतकरी टाक्यात वाढवून गुरांना घालतात तिचीच पूर्वज. बिरबल साहनींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौसरकडच्या खडकातून ती पुढं ओळखली. उथळ पाण्यात जाड, चकचकीत खवल्यांचा मासा वळतो. दूर काठावर एक लांब मान खाली येते, गवताचा घास घेते. हो, गवताचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची वाळून दगड झालेली विष्ठा सापडते. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण दाखवले, तोवर डायनोसॉरच्या काळात गवत होतं यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता.

तुमच्या पायाशी शेवाळावर गोगलगायी चरताहेत. एक उचला. शंखाचं टोक वर धरा, तोंड आपल्याकडे करा. बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे उघडतं. हिचं डावीकडे उघडतं. ही फायसा. गोगलगाय मरते, शंख चिखलात रुततो, वर बारीक गाळाचा थर बसतो, मग आणखी एक. नंतर लाव्हाचा पुढचा लोट येतो, चिखल भाजून निघतो, झिरपणाऱ्या पाण्यातली सिलिका शंखाच्या जागी बसते आणि डावखुरा वळसा दगडात कायम होतो. दोन लाव्हांच्या मधल्या या थरांना भूशास्त्रज्ञ इंटरट्रॅपियन थर म्हणतात.

या थरांनी विदर्भात हौशी माणसाला पहिल्यांदा वेड लावलं ते १८५० च्या आसपास. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून आलेला मिशनरी. नागपुरात तेव्हा भोसल्यांचं राज्य होतं. शाळा चालवायची, गावोगाव फिरायचं, आणि जाता-येता दगड बघायचे. सोबती रॉबर्ट हंटर, तोही मिशनरी. शहराच्या पश्चिमेला टाकळीजवळ त्यांना लाव्हांच्या मधल्या पट्ट्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी सापडल्या. फायसा तोवर अनोळखी नव्हती. मद्रास फौजेतल्या माल्कमसन या डॉक्टरानं गोळा केलेल्या नमुन्यांवरून सोवर्बीनं १८४० मध्ये तिला ‘फायसा प्रिन्सेपी’ म्हटलं होतं. पण हिस्लॉप-हंटर यांनी नागपूरच्या परिसराचा क्रमच लावला : कोणता थर कुठं, त्याच्या वर काय, खाली काय. १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटकडची दगडी वर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडाला. त्याच्या नावाचं कॉलेज नागपूरकरांना माहीत आहे. त्याची हातोडी फारशी कोणाला ठाऊक नाही.

मुंबईकरांचं तळंही असंच, दोन लाव्हांच्या मधलं. वरळीच्या शेलमध्ये, म्हणजे अगदी तुम्हाला हव्या त्या पापुद्र्यांच्या खडकात, लहानशा बेडकांचे सांगाडे सापडले आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. शेल आहे, जीवाश्म आहेत, पण पाणी गोडं आहे. ट्रायलोबाइट आणि ब्रॅकिओपॉड खाऱ्या पाण्याचे रहिवासी. शिवाय ट्रायलोबाइट संपून तोवर अठरा-एकोणीस कोटी वर्षं झालेली आहेत. आणखी खाली जायला हवं.

आता लाव्हा डोक्यावर राहतो. त्याच्या पोटाखाली काय आहे, ते वाशीममध्ये उघड्यावर कुठंच दिसत नाही. लातूर जिल्ह्यात किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर खोल छिद्र घेतलं, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट संपल्यावर गाळाचा जेमतेम काही मीटरांचा थर लागला आणि लगेच अतिप्राचीन स्फटिकी खडक. मधलं सगळं गायब. ही खूण लक्षात ठेवा.

खाली काय असू शकतं ते पाहायला आपल्याला पूर्वेकडेच सरकावं लागतं, यवतमाळ-चंद्रपूरच्या अंगाला, जिथं लाव्हाची चादर संपते. वाशीम जिल्ह्यात उगम पावलेली अडाण नदीही तिकडेच जाऊन पैनगंगेला मिळते. तिच्यासोबत चला.

पंचवीस कोटी वर्षं. नागपूरच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर मांगली. पावसाळा संपत आला आहे. सखल जागी उथळ डबकी राहिली आहेत, त्यांच्या काठाशी चपट्या, रुंद डोक्याचा, सॅलॅमँडरसारखा प्राणी पडून आहे. हिस्लॉपनं पाठवलेल्या कवटीवरून ओवेन यांनीच १८५५ मध्ये त्याला ‘ब्रॅकिऑप्स’ म्हटलं. पण तुम्ही डबक्यात बघा. नखाएवढेही नसलेले, दोन झाकणांचे जीव पाण्यात तुरुतुरु फिरताहेत. झाकणांवर वाढीच्या गोल रेषा आहेत. चिखलात दबून दगड झाल्यावर कोणीही त्यांना शिंपले म्हणेल, आणि लोकांनी तसं म्हटलंही होतं. झाकणांच्या आत मात्र पायांच्या जोड्या आहेत : हा कोळंबीच्या लांबच्या गोतातला, एस्थेरिया. रूपर्ट जोन्स यांनी १८६२ मध्ये मांगलीच्या नावावरून त्याला ‘एस्थेरिया मांगलिएन्सिस’ हे नाव दिलं. दुरून ब्रॅकिओपॉडसारखा दिसणारा आणि ट्रायलोबाइटसारखा सांध्यासांध्यांच्या पायांचा. विदर्भाच्या खडकात तुमच्या दोन्ही इच्छांच्या सर्वांत जवळ जाणारा जीव हाच. डबकं आटलं की हा मरतो, अंडी सुक्या चिखलात तग धरतात आणि पुढच्या पावसाला फुटतात. त्याचे वंशज आजही आपल्याकडे पावसाळी डबक्यांत सापडतात.

आणि ट्रायलोबाइट? ते नुकतेच संपले. पर्मियन युगाच्या अखेरीला समुद्रातल्या बहुसंख्य जाती नष्ट झाल्या, त्यात ट्रायलोबाइटचे शेवटचे वारसही गेले. भूशास्त्राच्या मापानं तुम्हाला जरासाच उशीर झाला.

आणखी चार कोटी वर्षं मागं जाता आणि थंडी अंगात शिरते. भारत दक्षिण ध्रुवाच्या जवळ आहे, गोंडवनाच्या महाखंडाला चिकटलेला. हिमनद्या दगडगोटे पोटाशी धरून सरकताहेत. त्या वितळू लागतात तेव्हा समुद्राची पातळी वाढते आणि खाऱ्या पाण्याची एक जीभ मध्य भारतात शिरते. इथं तुम्हाला पहिल्यांदा ब्रॅकिओपॉड भेटतात, पण विदर्भात नव्हे. छत्तीसगडमध्ये हसदेव नदीकाठी मनेंद्रगडला आणि मध्य प्रदेशात उमरियाला या समुद्राच्या खुणा आहेत. उमरियाचा थर जेमतेम तीन मीटर जाडीचा, प्रॉडक्टस गटातल्या ब्रॅकिओपॉडनी भरलेला.

त्यातला एक हातात घ्या. शिंपल्यात डावी-उजवी झाकणं एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. ब्रॅकिओपॉडचं तसं नाही. त्याचं एक झाकण फुगीर, दुसरं चपटं किंवा आत दबलेलं. पण एका झाकणाच्या बरोबर मधोमध बिजागरीपासून कडेपर्यंत रेघ ओढली तर दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. एवढी एक खूण लक्षात राहिली की शेतात निम्मी ओळख झाली. समुद्र मग माघार घेतो, दलदली होतात, ग्लॉसोप्टेरिसची जंगलं वाढतात आणि वणी-घुग्घुसचा कोळसा साठू लागतो. कोळशात पानं भरपूर. समुद्री किडा एकही नाही.

आता मोठी उडी. पन्नास कोटी वर्षं. ट्रायलोबाइटांचा भरभराटीचा काळ. तुम्ही डोळे उघडता आणि पायाखाली नुसता उघडा खडक. झाड नाही, गवत नाही, मातीला धरून ठेवणारं मूळ नाही. जमिनीवर वनस्पती यायला अजून काही कोटी वर्षं आहेत. दिवस आजच्यापेक्षा दोन-तीन तासांनी छोटा. पाऊस पडतो आणि पाणी जे सैल आहे ते सगळं घेऊन जातं. तुम्ही वाट बघता. कोटी वर्षं जातात, दहा कोटी जातात. इथं काहीच साचत नाही, नुसतं झिजतं. जगभरच्या समुद्रांत वीस हजारांहून जास्त जातींचे ट्रायलोबाइट जन्मतात आणि जातात, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या काळात ही जमीन पाण्याच्या वर कोरडी उभी आहे. शेलूबाजारला ट्रायलोबाइट न सापडण्याचं खरं कारण लाव्हा नाही. लाव्हा फक्त वरचं झाकण आहे. झाकण काढलं तरी हाती काही लागलं नसतं.

मग त्या वाहणाऱ्या गाळाबरोबर तुम्ही उत्तरेला जाता, जिथं भारताचा भूभाग संपून उथळ समुद्र सुरू होतो. पुढं तोच समुद्रतळ उचलला जाऊन हिमाचलात स्पितीचं खोरं होणार आहे. पाण्यात वाका. चिखलावर बोटाएवढा ट्रायलोबाइट सरकतो आहे. पायांच्या कडेनं गाळ उसवला जातो आणि मागं दुहेरी माग उरतो. त्याचे डोळे कॅल्साइटचे, म्हणजे ज्या खनिजाचा चुनखडक होतो त्याच खनिजाची भिंगं. तो थांबतो, पाठ ताणतो, डोक्यावरचं कवच शिवणीवर उसवतं, आणि मऊ अंग पुढं सरकून बाहेर येतं. मागं राहते ती कात. लाट तिचे तुकडे करते. संग्रहालयांत मांडलेले बरेचसे ट्रायलोबाइट हे असे टाकलेले अंगरखे आहेत; एक प्राणी आयुष्यात कित्येकदा जीवाश्माचं साहित्य पुरवतो. हेन्री हेडन स्पितीत फिरून हे जीवाश्म घेऊन आला. त्याचा ग्रंथ १९०४ चा. पाराहिओ खोऱ्यातल्या या ट्रायलोबाइटांचं आणि ब्रॅकिओपॉडांचं सविस्तर वर्णन काउपर रीड यांनी १९१० मध्ये केलं. उमरियाच्या ब्रॅकिओपॉडचं १९२८ चं वर्णनही त्यांचंच.

अजून खाली बघायचं कुतूहल असेल तर बघून घ्या. शंभर कोटी वर्षांच्या घरात विदर्भात खरोखर समुद्र आहे. चुनखडीचा गाळ संथपणे बसतो आहे, आणि कुठं कुठं सूक्ष्मजीवांच्या साईचे थरावर थर चढताहेत. शिंपला नाही, कवच नाही, डोळा नाही. समुद्र आहे, पण ट्रायलोबाइट जन्मायला निम्मा काळ बाकी आहे. याच चुनखडीवर आज यवतमाळ-चंद्रपूरकडचे सिमेंट कारखाने चालतात.

आता वर या, पण थेट विहिरीत नको. वाटेत चंद्रपूरजवळ इरई गावाशी पैनगंगेच्या पात्रात थांबा. नदीनं उघडी केलेली ती जुनी चुनखडी इथं आहे. तिच्या गुळगुळीत पाठीवर एका दिशेनं गेलेल्या समांतर चरा आहेत; हिमनदीनं पोटाशी धरलेल्या दगडांनी ओढलेल्या. फेडन यांनी १८७५ मध्ये त्यांची नोंद केली. चरेतून बोट फिरवा. बोटाखालचा खडक शंभर कोटींच्या घरातला, त्यावरची खरवड तीस कोटींच्या आतबाहेरची. या दोहोंत सुमारे सत्तर कोटी वर्षं गेली आणि त्यांच्या वाट्याला नखाएवढीही जाडी आलेली नाही. ट्रायलोबाइटांच्या सत्तावीस कोटी वर्षांच्या कारभारातला बहुतेक सगळा काळ या चरेच्या पृष्ठभागात हरवला आहे. किल्लारीच्या छिद्रातलं गायब झालेलं मधलं प्रकरण ते हेच.

जीव होते म्हणून जीवाश्म मिळत नाहीत. जमीन खोलगट हवी, गाळ यायला हवा, तो पुन्हा वाहून जाता कामा नये, आणि इतक्या सगळ्यानंतर नदीनं किंवा विहिरीनं तो उघडा पाडायला हवा. यातली एक अट चुकली की हातोडी कितीही चालवा. शेलूबाजारच्या माणसानं या छंदात पहिली गोष्ट शिकायची ती कुठं शोधू नये ही, आणि त्याचं कारण स्वतःला सांगता येणं. ते कळलं की जे मिळू शकतं त्यावर नजर बसते.

तेव्हा विहिरीच्या मलब्यात काळ्या पाषाणाला सोडा. दोन पाषाणांच्या मधून निघालेला राखाडी, पांढुरका, पापुद्रे सुटणारा किंवा गारेसारखा कडक तुकडा दिसतो का बघा. तो प्रत्येक विहिरीत लागत नाही. लागला तर कडेवर भिंग धरा, शंखाचा आडवा छेद शोधा, तोंड डावीकडे आहे का पाहा. मालकाला विचारून घ्या. वर्तमानपत्रात गुंडाळण्याआधी कागदावर गाव, गट, किती फुटांवर, वर कोणता थर, खाली कोणता, एवढं लिहा. मग नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात दाखवा.

हे लिहून ठेवणं किती मोलाचं, ते १९८९ साली जगानं पाहिलं. ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मध्ये पुराव्यांसह दाखवलं, की चंदीगडच्या एका प्राध्यापकानं हिमालयातले म्हणून छापलेले कित्येक जीवाश्म परदेशातल्या ठिकाणांचे, काही तर मोरोक्कोचे असावेत. त्या एका माणसामुळे हिमालयावरचं वर्षानुवर्षांचं छापील काम संशयात सापडलं. मोरोक्कोचे ट्रायलोबाइट आज कोणीही घरबसल्या मागवू शकतो. त्यात राळ आणि डिंक लावून घडवलेलेही बरेच असतात. म्हणून उद्या शेलूबाजारच्या मलब्यावर कोणी तुमच्या हातात अख्खा ट्रायलोबाइट ठेवला, तर हुरळून जाऊ नका. आधी विचारा, कुरिअर कधी आलं होतं.